कोरडी वीज

विमानतळामागच्या कुंपणात आमची पांढरी पेटी,
चार पायांवर उभी, चारी बाजूंनी फटी.
आत दोन थर्मामीटर. एक कोरडा,
दुसऱ्याच्या गळ्याला ओली मलमल.
दोघांत जितकं अंतर, तितकी हवेला तहान.
दुपारी अडीचला अंतर वीस अंश.
मी वहीत लिहिलं: आर्द्रता तेरा टक्के, वारा पश्चिमेचा,
आणि का कोण जाणे, मलमलीवर आणखी थोडं पाणी सोडलं.

त्या दिवशीचा अंदाज माझाच:
'सायंकाळी गडगडाट, विजा, तुरळक सरी.'
इंदूर खूश. शिकंजीवाला तेवढा हिरमुसला.
शेजारच्या मुंगीकाकूंनी गच्चीवरचे पापड आत घेतले
आणि रात्री मला ऐकवलं,
'एक थेंब नाही हो पडला तुमचा.'

पडला होता. म्हणजे ढगातून निघाला होता,
तिकडे चोरलच्या डोंगरावर.
खाली येता येता हवेनं पिऊन टाकला.
लोंबत राहिल्या करड्या झिरमिळ्या,
जमिनीला न टेकलेल्या.
विजेची वाफ होत नाही.
वीज पोचली. सहा बेचाळीसला.

थावरिया कटारा, जंगलखात्याचा चौकीदार,
फोनवर म्हणाला, सागाच्या पलीकडे, जुन्या मोहावर.
'आग?'
'नाही मॅडम. नुसता वास.'
मी लिहिलं: पाऊस, शून्य दशांश शून्य.
वासाला रकाना नाही.

दुसरा दिवस निरभ्र.
तिसऱ्यालाही तेच लिहिलं, फक्त वारा वाढवून:
ताशी तीस, झोत पंचेचाळीस.
बरोबर निघाला. इतका बरोबर
की साहेबांनी शाबासकी दिली.
दीड वाजता उपग्रह वरून गेला
आणि नकाशावर एक लाल चौकोन उमटला.
थावरिया तेव्हा दोन तासांपासून
ओली फांदी घेऊन पाचोळा झोडत होता.

मोह आतून पोकळ होता.
दोन रात्री निखारा पोटात ठेवून उभा,
सालीला पत्ता नाही, मुंग्यांना असेल.
वारा आला तसं त्याचं तोंड उघडलं.
सागाची पानं, सुपाएवढी, पापडासारखी कडक,
एकीनं दुसरीला दिलं, दुसरीनं तिसरीला,
आणि चढावर आग पळतच गेली.
उतारावर ती रमतगमत येते. चढावर नाही.

अहवालात कारण लिहिलं गेलं: 'मोहफुलं वेचणाऱ्या बायका.'
बहुतेकदा ते खरंही असतं,
झाडाखालचं झाडून, पेटवून देतात.
या वेळी नव्हतं.
जेमाबाई आणि तिची सून चौकीच्या ओट्यावर बसून होत्या,
टोपल्या पालथ्या घालून.

मी बसने गेले. वहीच्या पानाची झेरॉक्स घेऊन.
बाबूने चष्मा वर केला.
'पाऊस किती?'
'शून्य.'
'मग वीज कुठून आली, मॅडम?'
मी त्याला ढग समजावला. झिरमिळ्या समजावल्या.
टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात बोट बुडवून
पंख्याखाली धरलं: 'बघा, किती वेळ टिकतं.'
तो बोटाकडे बघत राहिला.
ओट्यावरून जेमाबाई हसली. पहिल्यांदाच.
कागद फाइलला लागला. पुढचं मला माहीत नाही.

आता गडगडाट झाला
की दुसऱ्या दिवशी थावरिया झाडं चाचपत फिरतो,
आजारी लेकराच्या कपाळाला लावावा तसा तळहात लावत.
संध्याकाळी फोन येतो.
वहीच्या समासात, रकान्यांच्या बाहेर,
मी पेन्सिलीने उतरवते:
नाल्याकाठचा साजड, थंड.
दोन साग, थंड.
टेकडीवरचा मोह, कोमट.
'ऊन असेल,' तो म्हणतो.
'असेल,' मी म्हणते. 'रात्री परत बघ.'